बंद भिंतींचा आकाशकंदील

मदिनत खलीफातल्या एका व्हिलाच्या फाटकावर दिवाळीचा कंदील लागला की दोह्यातली मराठी मंडळी मुद्दाम गाड्या काढून बघायला यायची. आता कंदील बघायला कुणी गाडी काढतं का? पण सदानंदचा कंदील साधा चांदणीचा नसायचाच मुळी. नाशिकहून बावीस वर्षांपूर्वी ड्राफ्ट्समन म्हणून आलेल्या या गृहस्थाला आय. एम. पेई या अमेरिकन वास्तुकाराचं भारी वेड. दर दिवाळीला त्यांची एखादी इमारत तो कामट्या आणि ट्रेसिंग पेपरातून उभी करायचा.

पॅरिसचा काचेचा पिरॅमिड झाला, तो तर कंदील म्हणूनच जन्माला आलेला! हाँगकाँगच्या बँकेचा त्रिकोणांचा मनोरा झाला. वॉशिंग्टनच्या आर्ट गॅलरीचा धारदार कोपरा शशिकांतच्या कपाळाला लागला, तेव्हा हे दोघे जिवलग मित्र तीन दिवस बोलत नव्हते. राहिलं होतं ते दोह्याचंच, कॉर्निशवरचं, समुद्रकाठच्या रस्त्यावरचं, इस्लामी कलेचं म्युझियम. आणि ही सदानंदच्या घरची इथली शेवटची दिवाळी. डिसेंबरात नोकरी खलास, मग कायमचं नाशिक. यंदाचा कंदील साधलाच पाहिजे, असं सदानंदच्या मनानं घेतलं होतं. शशिकांतनं तर सगळ्या ग्रुपवर आमंत्रणही टाकलं.

सदानंदच्या बायकोचं, शोभाचं, रडगाणं वेगळंच होतं. इथे दिवाळीला सुट्टी कुठली? शाळेतली नोकरी आटोपून ती उंबऱ्याशी रांगोळीला बसायची तेव्हा दिवस मावळलेला असायचा. दारावरचा दिवा नेमका पाठीशी. "तुमचा कंदील फाटकावर, तोंड रस्त्याकडे," ती म्हणायची. "मी आपली काढते रांगोळी स्वतःच्याच सावलीत." सदानंद दरवर्षी "बघू, बघू" म्हणायचा आणि बघायचा काही नाही.

शुक्रवारी धनत्रयोदशीला कंदील तयार झाला. एकावर एक चौकोन, मापं चोख. आत बल्ब लावला आणि बाहेर ठार अंधार! जवळजवळ सगळ्याच भिंती बंद, उजेड येणार कुठून? कागद लावावा तर दगडाचा भरीवपणा जातो, पुठ्ठा ठेवावा तर नुसतं खोकं.

"बाबा, हॅव यू एव्हर बीन इनसाइड?" त्यांच्या मुलीनं, ईश्वरीनं विचारलं.

सदानंदला पॅरिसचा नकाशा तोंडपाठ, आणि वीस मिनिटांवरच्या इमारतीत पाऊल नाही! शोभा हसून हसून बेजार झाली. "यल्ला, चला, उद्याच जाऊ," ती म्हणाली.

शनिवारी तिघं गेली. वाटेत सदानंदनं सांगून घेतलंच, की शेजारी उद्या कोण काय बांधेल याचा नेम नाही, म्हणून पेईंनी समुद्रात वेगळं बेटच करून मागितलं. मग तिघं आत शिरली. समोर, समुद्राच्या बाजूला, कितीतरी मजले उंच अशी एकच खिडकी. रस्त्यानं येणाऱ्याला तिचा पत्ताही लागत नाही.

"अगंबाई!" शोभा म्हणाली. "बाहेरून एवढं गप्प, आणि उजेड सगळा या एकाच बाजूला!"

सदानंद तिच्याकडे बघत राहिला. घरी आल्यावर त्यानं पट्टी आणि कटर काढलं.

रविवारी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मंडळी जमली. फाटकावर नुसता काळा ठोकळा.

"सदा, बल्ब गेला काय रे?" शशिकांत ओरडला.

"नाही गेला. आत येऊन बघ."

कंदिलाला एकच उंच खिडकी होती, आणि ती उंबऱ्याकडे वळवलेली. तिच्यातून उजेडाचा पट्टा थेट शोभाच्या हातांवर पडला होता. ती ठिपके घालता घालता थांबली.

"अहो, हात बघा माझे," ती हळूच म्हणाली. "केवढे म्हातारे झालेत."

सदानंदनं बघितले. बोटांची पेरं सुजलेली, अंगठा वाकडा. त्याला खरंच लाज वाटली. मंडळींना तिथेच सोडून तो तिच्याशेजारी मांडी घालून बसला.

"ठिपके मी घालतो, सरक."

"वाकडे येतील."

"वाकडे? अगं, ड्राफ्ट्समन आहे मी!"

"मग बावीस वर्षं कुठे होतात?" असं म्हणत शोभानं रांगोळीचा डबा त्याच्याकडे सरकवला.