उत्तमरावांची छाप आणि माझी पत्री

उत्तमराव काळपांडे यांची आणि माझी पहिली भेट अकोल्यात, जठारपेठेतल्या त्यांच्या बंदुका घडवण्याच्या आणि दुरुस्तीच्या दुकानात झाली. रानडुकरांसाठी ठेवलेली वडिलांची परवान्याची बंदूक घेऊन मी गेलो होतो. त्यांनी नळी उजेडाकडे धरली आणि म्हणाले, "बंदूक खराब नाई, ठेवनारा खराब हाय." मला राग आला. पण पुढच्याच महिन्यात मी त्यांच्याकडे काम शिकायला राहिलो, तो आजतागायत.

उत्तमरावांचा, म्हणजे आमच्या काकांचा, खरा लौकिक दोन तुकड्यांत सुटणाऱ्या बोल्ट रायफलीचा. एकाच दस्त्याला आलटून-पालटून बसणाऱ्या दोन नळ्या, सरावाची वेगळी, स्पर्धेची वेगळी. अशी रायफल कितीदा सोडा-जोडा, नेम जागचा हलता कामा नये. म्हणून काका प्रत्येक रायफल स्वतः दहा वेळा सोडून जोडत आणि मगच तिच्यावर आपल्या नावाच्या अक्षराची छोटी पोलादी छाप ठोकत. ती छाप पाहिली की नेमबाज दुसरं काही विचारत नसत.

माणूस बोलायला फटकळ, पण मायेचा. माझी पत्नी अमरावतीला दवाखान्यात होती, तेव्हा रोज डबा घेऊन ते बसने येत आणि विचारलं तर म्हणत, "इकडं कामच होतं." काम काहीच नसे.

अशा गौरवग्रंथात फक्त गोड लिहावं असा रिवाज आहे. मला तो पाळता येणार नाही.

काचबिंदूने काकांचे डोळे गेले आणि काम माझ्या हाती आलं. मूर्तिजापूरच्या एका नेमबाज ताईंची रायफल करताना दुसरी नळी माझ्याकडून किंचित सैल बसली. स्पर्धा आठ दिवसांवर होती. नळी नव्याने करायला तीन आठवडे लागले असते. मी सांध्यात धातूची पातळ पत्री सरकवली; ती झिजली की नेम हलणार, हे मला ठाऊक होतं. काकांनी नेहमीप्रमाणे दहा वेळा सोड-जोड केली, कान देऊन ऐकलं आणि थांबले.

"पत्री टाकली का रे?"

"नाही काका," मी म्हणालो.

त्यांनी छाप ठोकली आणि रायफल ताईंकडे गेली.

पुढचे तीन दिवस ते येईल त्याला सांगत होते, "डोये गेले त जाऊ दे, हा पोरगा माहा हात हाय." हा पोरगा पंचावन्न वर्षांचा होता आणि दर वेळी काहीतरी निमित्त काढून दुकानामागे जात होता. चौथ्या दिवशी मी खरं सांगून टाकलं. काका स्टुलावर टेकले. मग एवढंच म्हणाले, "कानानं सांगतलं होतं मले. तुह्या शब्दावर भरोसा ठेवला."

त्याच दुपारी माझा खांदा धरून ते मूर्तिजापूरला आले. ताईंपुढे हात जोडून म्हणाले, "छाप माही हाय, म्हनून चूक माही हाय. रायफल वापस द्या." ताईंनी ती दिली. त्यांची स्पर्धा हुकली. काकांनी माझं नावही घेतलं नाही, आणि मीही बाजूला उभा राहून तोंड उघडलं नाही. याची लाज आजही वाटते.

दुकानात परतल्यावर त्यांनी छाप मागून घेतली, चाचपून धार लावायच्या सहाणयंत्रावर धरली आणि तिचं अक्षर घासून टाकलं. मी अडवलं नाही. कोणत्या तोंडाने अडवणार?

ताईंची रायफल मी नव्याने करून दिली, पण बिनछापेची. तेव्हापासून आमच्या दुकानातून छाप घेऊन काही बाहेर पडलेलं नाही. काका मात्र रोज येतात, स्टुलावर बसतात. आता सोड-जोड मी करतो आणि ते ऐकतात. दहा झाले की म्हणतात, "अजून एक डाव." अकरावा झाला की पुन्हा तेच.

काकांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो, ही माझी प्रार्थना आहे आणि तीत माझा स्वार्थही आहे. मला एकदा त्यांच्या तोंडून "पुरे" ऐकायचं आहे.