काकांचं नुसतं उभं राहणं

देवाला कधी हात न जोडता, त्याच्याकडे काही न मागता आणि त्याचं नावही न घेता त्याच्याशी उत्तम संबंध राखून असलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात मी एकच पाहिला, आणि तो अकोल्याला आमच्या घरासमोर राहतो. गल्लीत त्यांना सगळे दातवाले काका म्हणतात. काका चिनी आहेत. म्हणजे त्यांचे वडील चिनी होते. दात काढायचे चिमटे पत्र्याच्या पेटीत भरून ते कलकत्त्याहून निघाले, जत्रेजत्रेत दाढा उपटत अकोल्यापर्यंत आले आणि इथला उन्हाळा अंगावर पडल्यावर पुढे जायचं त्राणच उरलं नाही म्हणून इथंच राहिले, असं काका सांगतात. काकांचा जन्म अकोल्यातला, शाळा अकोल्यातली आणि बोली अशी वऱ्हाडी, की शाळेत शुद्ध मराठी शिकवणाऱ्या माझ्यासारखीला आपणच परगावाहून आल्यासारखं वाटावं. एकदा पुण्याचे एक गृहस्थ दाढ धरून त्यांच्या खुर्चीत बसले आणि काकांचा चेहरा पाहून त्यांनी आपलं दुखणं इंग्रजीत तपशीलवार सांगितलं. काकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ते समदं ठीक हाये बापा, पन तोंड उघडशीन तवा पाहीन ना." गृहस्थांचा आ वासला तो वासलेलाच राहिला, आणि तेवढ्यात काकांनी दाढ काढून बशीत ठेवली.

त्यांचा खरा हात कवळ्यांवर. पण कवळीच्या बाबतीत त्यांची आवड एकच होती: दात जरा रुंद आणि वरचे दोन किंचित पुढे. त्यामुळे आमच्या भागातली साठीच्या पुढची सगळी माणसं एकसारखी हसायची. एका लग्नात फोटोग्राफरने दोन्हीकडची वडीलधारी मंडळी शेजारी शेजारी उभी केली आणि विचारलं, "हे नात्यातच जमलं का?"

रोज सकाळी उजाडताना काका अंगणातल्या कडुलिंबाखाली उभे राहायचे. गुडघे किंचित वाकवलेले, हात असे की एखादा मोठा रांजण कवेत घेतला आहे, डोळे अर्धे मिटलेले. तासभर. नवीन दूधवाल्याने पहिल्या दिवशी त्यांना पाहिलं आणि कॅन तिथंच टाकून, माणसाला लकवा मारला म्हणून गल्ली गोळा केली. आम्ही आठ-दहा जण धावत गेलो. काकांनी एक डोळा उघडला.

"काय करून राहिले काका?" मी विचारलं.

"काही नाही करून राहिलो," काका म्हणाले. "तेच त कठीन हाये."

हे त्यांना वडिलांनी शिकवलं होतं. वडिलांनी एक दोऱ्याने शिवलेलं पातळ पुस्तकही दिलं होतं, पण काकांना चिनी वाचता येत नाही. पुस्तक कवळ्यांच्या साच्यांबरोबर कपाटात असतं, आणि त्यात काय लिहिलं असेल असं विचारलं तर म्हणतात, "बाबानं सांगतलं होतं, सकायी उभं राहा, पोटातून श्वास घे अन् कोनाले सांगू नको. पुस्तकात याच्याहून जास्त काय असन?" माझी आई एकदा त्यांना विचारत होती, की तुमच्या पंथाला म्हणतात तरी काय. पुस्तकांत ज्याला 'ताओ' म्हणतात त्याचा उच्चार काकांनी वडिलांसारखा केला, "दाव." आई म्हणाली, "गुरं बांधायचं दावं?" काकांनी बराच विचार केला. "त्याच्या उलटं समजा वहिनी. सोडाचं."

जनगणनेच्या कामावर मास्तर लोकांना जुंपतात तसं मलाही जुंपलं होतं. आमच्याच गल्लीचे कागद माझ्याकडे आले. काकांच्या घरी धर्माच्या रकान्याशी माझं पेन अडलं. "काय लिहू?" काका म्हणाले, "त्यात काय काय हाये ते वाच." मी सगळे वाचून दाखवले आणि शेवटी म्हटलं, "नाहीतर मग 'इतर'." "इतर म्हंजे कोन?" "म्हणजे बाकीचे सगळे." काका खूश झाले. "मंग बरोबर हाये. तेच लिह."

आतून काकी ओरडल्या, "माझा वेगळा लिहा!"

कारण काकींचं सगळं वेगळं होतं. काकी लग्न होऊन कलकत्त्याहून आल्या त्या देव, उदबत्त्या, लाल कागद आणि अमुक दिवशी केस धुवायचे नाहीत असं सांगणारं पंचांग घेऊनच. काकांच्या धर्मात जितकं काहीच नव्हतं, तितकं काकींच्या धर्मात सगळं होतं. वरूडच्या एका बागाईतदाराला काकांनी कवळी करून दिली होती. तो दरवर्षी संत्र्यांची पेटी पाठवायचा, आणि त्यातली देठाला पान असलेली तेवढी संत्री निवडून काकी देवापुढे मनोरा रचायच्या. त्यांचा एक चुलीचा देव होता. तो वर्षभर स्वयंपाकघरात बसून घरातलं सगळं बघतो आणि वर्षाच्या शेवटी वर जाऊन चहाडी करतो म्हणे. म्हणून त्या दिवशी काकी त्याच्या चित्राच्या ओठांना गूळ फासायच्या, म्हणजे तो गोडच बोलेल. काका दारातून म्हणायचे, "दातवाल्याच्या घरी देवाले गूळ! किडले त कोन पाहीन?" काकींना माणसांत राहून केलेली भक्तीच खरी वाटायची. आई त्यांना एकदा मोझरीच्या आश्रमात घेऊन गेली. तिथल्या सामुदायिक प्रार्थनेत एवढी माणसं एकदम गप्प बसलेली पाहून काकी इतक्या भारावल्या, की पुढच्या खेपेला काकांना ओढत घेऊन गेल्या. काका अगदी शेवटपर्यंत बसले. परतताना म्हणाले, "लय चांगलं हाये. पन घरी बी बसता येते."

काकांचं दुर्दैव असं, की नुसतं उभं राहणाऱ्या माणसालाही लोक एकटं सोडत नाहीत. सकाळी फिरायला जाणाऱ्या काही मंडळींना काकांच्या तब्येतीचं रहस्य सापडलं आणि एक दिवस बारा जण कडुलिंबाखाली येऊन रांजण कवेत घेऊन उभे राहिले. दुसऱ्या आठवड्यात त्यांनी अध्यक्ष निवडला. तिसऱ्या आठवड्यात चपला काढून उभं राहायचं की घालून, यावरून दोन गट पडले. दोन्ही गट निर्णयासाठी काकांकडे आले तेव्हा काकांच्या एका पायात चप्पल होती आणि दुसरी कुत्र्याने नेली होती. महिनाभरात मंडळी बगिच्यात गेली, माइक लावून. काका म्हणाले, "बरं झालं. झाडाले बी श्वास घ्याले जागा झाली."

दोन हिवाळ्यांपूर्वी काकी गेल्या. ताप आला आणि आठ दिवसांत गेल्या. मी तेव्हा अमरावतीच्या शाळेत बदलून गेले होते, आई गेल्यापासून आमचं घर कुलपातच असे, आणि शनिवारी दुपारी एसटीने येऊन मी ते उघडत असे. काकांचे थोरले भाऊ कलकत्त्याहून आले; वडील तिथून निघाले तेव्हा ते नातेवाइकांकडे तिथंच राहिले होते. हे तिथल्या एका चिनी देवळाचे सचिव. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला तीन पेनं. त्यांनी काकींच्या नावाची लाल लाकडाची उभी पाटी करून आणली होती, सोनेरी अक्षरांची. गेलेलं माणूस त्या पाटीत वस्तीला असतं असं ते मानतात. काकांच्या वडिलांची पाटी भिंतीवर होतीच, तिच्याशेजारी काकींची लागली.

वर्षाने भाऊ पुन्हा आले ते दोन्ही पाट्या घेऊन जायला. देवळात नवा मोठा हॉल झाला होता, पाट्यांसाठी फळ्या केल्या होत्या, रोज उदबत्ती, सणावारी मंत्र, सगळं रीतसर. शनिवार होता, म्हणून मी तिथं होते. दोघं चिनी भाऊ हिंदीत भांडत होते, एकाची हिंदी बंगाली आणि एकाची वऱ्हाडी.

"टीचरजी, आप समझाइए," भाऊ मला म्हणाले. "इसको बाल-बच्चा नहीं है. इसके बाद ये पाटी कौन देखेगा? कबाड़ में जाएगा. खाली पेड़ के नीचे खड़ा रहने से धरम होता है क्या?"

"त फिर हॉल में बैठने से होता है क्या?" काका म्हणाले.

"हॉल में आदमी होता है!" भाऊ ओरडले. "दूसरा आदमी होता है!"

काका उठले आणि त्यांनी दोन्ही पाट्या भिंतीवरून उतरवल्या. भावाने कोणती कुणाची म्हणून विचारलं. देवळाचे सचिव धरून दोघांनाही चिनी अक्षरं वाचता येत नव्हती. "ज्याचा टवका उडाला ते बाबा," काका म्हणाले. काकींची पाटी त्यांनी सदऱ्याच्या बाहीने पुसली आणि मला म्हणाले, "ते तिथंच बरी, मास्तरीन. तिले गर्दी आवडे. इथं माह्यासंगं काय बोलन?"

निरोपाचा विधी दोघांनी गुडघ्यांवर बसून केला. इतकी वर्षं रीतसर धर्म करणाऱ्या भावाचे गुडघे तिसऱ्या नमस्काराला अडकले, ते काही केल्या उठेनात. काकांनी त्यांना काखेत हात घालून, लहान पोराला उचलावं तसं उचललं. दोघंही हसले. मग भाऊ एकदम रडायला लागले आणि काका त्यांची पाठ चोळत राहिले.

उन्हाळ्यात भावाचं बोलावणं आलं म्हणून काका स्वतः कलकत्त्याला गेले. मीच त्यांना हावड्याच्या गाडीत बसवून दिलं. पाचव्या दिवशी परत. मी विचारलं, "कसं होतं?"

"मोठं हाये. ढोल, घंटा, धूर. मले काही समजे नाही. पन तुही काकी मजेत हाये. दोन बायांच्या मधात जागा भेटली तिले, दोघी बी बोलक्या असतीन असं वाटते." मग म्हणाले, "तिच्या खालच्या फळीवरची जागा भावानं माह्यासाठी मोकळी ठेवली. पन सही करा लागते, का मी या मंदिराचा हाव म्हनून."

"मग करणार?"

"बाबानं सांगतलं होतं, कोनाले सांगू नको. अन् हे म्हनतात, लिहून दे." काकांनी कागद दाखवला. सहीची जागा कोरी होती. "पाहू. भाऊ म्हने, जागा ठेवतो मी, घाई नाही."

त्याच सुमारास माझ्या लक्षात आलं, की काकांचं उभं राहणं कमी होत चाललं आहे. काकी गेल्यावर तासाचा अर्धा तास झाला होता, तो मला वयाचा परिणाम वाटला होता. आता दहा मिनिटंही होत नव्हती. एका रविवारी बघते तर काका कडुलिंबाखाली स्टुलावर बसलेले. रांजणासाठी गोल केलेले हात मांडीवर. मी दोन कप चहा घेऊन गेले आणि म्हटलं, "गुडघे दुखतात का?"

"गुडघे काय दुखतात!" काका म्हणाले. चहा बशीत ओतला, पण प्यायले नाहीत. "तुले एक सांगू? मले वाटे, मी इतकी वर्सं एकटाच उभा राहून राहिलो. लय गर्व होता मले त्याचा. भाऊ हॉलमंधी, तुही काकी देवापाशी, अन् मी झाडाखाली, एकटा, कोनाची गरज नाही. पन मांगं ते भांडे घासे ना. रोज. पातेलं आपटे, माह्यावर चिडे, देवावर चिडे, नळावर चिडे. अन् मी इकडे शांत." ते हसले, पण नीट हसता आलं नाही. "आता आवाज नाही त उभंच राहता येत नाही. कान मांगंच राहतात."

पाट्या नेल्या म्हणून वाईट वाटतंय का, असं काहीतरी विचारलं. काकांनी मान हलवली. "पाटीत नव्हतीच ते. तिकडे बी पाहून आलो."

आम्ही चहा संपवला. जायला निघाले तेव्हा काका स्टुलावरून उठले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुह्या मोरीची खिडकी इकडेच उघडते ना?"

"हो. का?"

"नाही... शनवारी येतच असतेस. रविवारी सकायी उघडी ठेवत जा. भांडे तिथंच घास. जरा जोरानं घासले तरी चालते."

आता मी रविवारी सहाला उठते आणि खिडकी उघडते. एकट्या बाईची भांडी ती किती, एक ताट, एक पातेलं, चहाचं गाळणं. म्हणून फळीवरची आईची पितळी भांडीही काढते. काका माझ्याकडे पाठ करून उभे असतात. कधी पंधरा मिनिटं, कधी वीस. आम्ही एकमेकांशी एक शब्द बोलत नाही. मधूनच एखादं झाकण आपटते, तेव्हा त्यांचे खांदे किंचित खाली येतात. मागच्या रविवारी सगळी भांडी घासून झाली, हात पुसले, बाहेर पाहिलं तर काका अजून उभेच होते. मी घासलेलं पातेलं पुन्हा घासायला घेतलं.