शेवटचं शेत

बोलण्याआधी आमचे सर चष्मा काढून शर्टाच्या टोकाने पुसत आणि मग म्हणत, "कोड बरोबर आहे. तुमचा डेटा तपासा." दिग्रसच्या कापूस खरेदी केंद्रावर मी नोंदणीचा ऑपरेटर होतो आणि हे वाक्य दिवसातून दहादा ऐकायचो. असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. जन्म यवतमाळचा, पुण्यात राहिला दोन वर्षं, आणि तेवढ्यात वऱ्हाडी विसरला.

त्या वर्षांत कापसाने आधीच सगळ्यांची वाट लावली होती, त्यात या शहाण्याने जावा या संगणकभाषेत लिहिलेला प्रोग्राम आला. तालुक्यावरून शेतकऱ्यांची माहिती एक्सएमएल फाईलमध्ये यायची. ज्याची जितकी शेतं, तितक्या वेळा त्याच्या नावाखाली 'शेत' ही नोंद. सरांनी प्रोग्रामात शेतासाठी जागा ठेवली होती एकच. दुसरं शेत वाचलं की पहिलं पुसलं जायचं, तिसरं वाचलं की दुसरं. एरर नाही, काही नाही. माझ्या हे पहिल्याच दिवशी लक्षात आलं. पण त्यांनी मला चारचौघांत 'टायपिस्ट' म्हटलं होतं. म्हटलं, पडू दे तोंडावर.

आठवड्याभरात दारव्ह्याकडची एक बाई बैलगाडीत कापूस घेऊन आली. नावावर तीन शेतं, पण संगणकात उरलं होतं फक्त शेवटचं, विहिरीजवळचं अर्ध्या एकराचं. केंद्रावर फक्त शेतकऱ्याचाच कापूस घेत. एवढ्याशा तुकड्यात गाडीभर कापूस कुठला, हा व्यापाऱ्याचाच असणार, असं म्हणून तिला फाटकाबाहेर काढलं. ती तिथेच गाडीपाशी राहिली. रोज येऊन तिन्ही सातबारे दाखवायची, आणि सर रोज चष्मा पुसायचे.

तिसऱ्या दिवशी तिने सातबारे दाखवलेच नाहीत.

"साहेब, तुमाले लेकरं किती?"

"तीन."

"मंग जेवाले शेवटल्यालेच देता का?"

ती निघून गेली. सर पडद्याकडे बघत बसले. एका जागेऐवजी यादी करायची, पाच मिनिटांचं काम. या गृहस्थाला आपली चूक आहे हे मनाशी कबूल करायलाच संध्याकाळ झाली. तिच्या नावाखाली तिन्ही शेतं दिसली तेव्हा मात्र ते उठून फाटकाकडे धावले. त्यांना धावताना मी तेव्हाच पाहिलं.

गाडी नव्हती. बैलांचा चारा संपला म्हणून दुपारीच तिने तो कापूस एका व्यापाऱ्याला देऊन टाकला होता, पडेल भावात. आता तो खरोखरच व्यापाऱ्याचा झाला होता.

सर परत आले आणि माझ्यासमोरच्या स्टुलावर बसले.

"मायंच चुकलं गा," ते म्हणाले. "पण तुले तरी कसं नाही दिसलं?"

"नाही दिसलं, सर."

महिन्याभरात ते नोकरी सोडून गेले. त्यांच्या मूर्खपणाचे किस्से मी अजूनही रंगवून सांगतो, पण फाटकाशी येऊन थांबतो. स्टुलापर्यंत कधी जात नाही.