वीस चिंचोक्यांचा घाट

आमच्या घाटावर दरवर्षी दोन गोष्टी साचायच्या, गाळ आणि किस्से. गाळ पंचायत काढायची, निदान काढल्याचा ठराव तरी करायची. किस्से मात्र कोणी काढले नाहीत. ते एकावर एक बसत गेले. भिशीला जमलो की मैत्रिणी अजून म्हणतात, "अक्का, नावेचं सांग ना." एक सांगायला जावं तर त्याच्या खालून दुसरा वर येतो.

आधी जागा सांगते. माझं माहेर नशिराबादचं. तिथे पाणी बघायचं म्हणजे विहिरीत वाकायचं. लग्न होऊन आले ती थेट तापीकाठी. हायस्कूल, दवाखाना, आठवड्याचा बाजार, एसटीचा थांबा, सगळं पलीकडच्या काठावर; अलीकडे फक्त आम्ही. पूल नव्हता. जायचं तर नावेनं. आणि नाव म्हणजे सोनू नाना.

*

ग्रामपंचायतीत बायकांसाठी जागा राखीव झाल्या, त्या पहिल्याच खेपेला मी निवडून आले. मॅट्रिक झालेली सून वस्तीत एकच होती, ती मी. पहिल्या बैठकीत सरपंचांनी कामं वाटली. दिवाबत्ती, रस्ते, शाळा भराभर गेले. घाट उरला. घाटावर भांडणं फार, मान काहीच नाही, म्हणून तो कोणाला नको होता. सरपंच म्हणाले, "घाट ताईंकडे द्या. पाणी भरायला जातातच त्या."

सगळे हसले. मीही हसले, कारण काय करावं ते सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी घाटावर गेले. सोनू नाना नावेच्या फटीत डांबर भरत बसले होते. साठीच्या पुढचे, काळे, किडकिडीत. त्यांनी मान वर न करता विचारलं, "अक्का, तुमले पोहता येस का?"

मी ओशाळून नाही म्हणाले.

"मंग बरं शे," नाना म्हणाले. "पोहता येनारा मानूस नाव जादा भरस."

*

नानांच्या नावेत बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा असायचा आणि त्यात वीस चिंचोके. नावेत चढताना प्रत्येकानं एक घ्यायचा, उतरताना परत टाकायचा. डबा रिकामा झाला की नाव सुटली. मग काठावर कोणीही उभा असो. कडेवरच्या पोरालाही वेगळा चिंचोका. बाया कुरकुरायच्या, "नाना, याचं काय वजन?" नाना नुसता डबा पुढे करायचे.

मी एकदा विचारलं, वीसच का? ते म्हणाले, "हातपायनी बोटं वीसच शेतस."

खरं कारण मला सासूबाईंनी सांगितलं. नानांना एक मुलगी होती, मनी. आठ वर्षांची. एका बाजाराच्या दिवशी नाव आधीच गच्च भरलेली होती, आणि सुटता सुटता मनीनं काठावरून उडी मारली. नानांनी तिला उतरवलं नाही. हातभर पोर, तिचं काय वजन? पलीकडचा काठ जेमतेम पंधरा-वीस हातांवर असताना नाव कलली. मोठी माणसं पाण्यातून चालत, ओरडत बाहेर आली. मनी संध्याकाळी सापडली, पलीकडच्या बाभळीच्या मुळांत. तिथेच तिला पुरलं.

त्यानंतर नानांनी वर्षभर वल्हं धरलं नाही. धरलं तेव्हा डबा घेऊनच आले. पुन्हा एक जरी माणूस जादा घेतला, तर घाट सोडून देईन, असं त्यांनी गावाला सांगितलं होतं. गावाला ते विसरायला वीस वर्षं पुरली. नाना विसरले नव्हते. मला ते सगळं एकाच वाक्यात सांगून मोकळे झाले.

"धाकलं पोर बी मानूसच शे."

घाटाचा कारभार म्हणजे काय, हे मला त्या दिवशी कळलं. पायऱ्या आणि गाळ नंतर. आधी ते वाक्य सांभाळायचं.

*

आता सदा आबा. पन्नास बिघे केळी, पांढरंशुभ्र धोतर, आणि घाटावर नेहमी सर्वांत शेवटी. आबा आले की नाव थांबते, अशी त्यांच्या वडिलांपासूनची रीत. एका बाजारी आबा आले तेव्हा डबा रिकामा होता. नानांनी तो उपडा करून दाखवला. आबांनी शांतपणे कोपरीच्या खिशात हात घातला आणि एक चिंचोका काढला.

"हाऊ देख. मना शे."

नाना म्हणाले, "चिंचोका तुमना घरना शे, आबा. जागा बी घरून लई या."

नाव हसत सुटली, आबा काठावर राहिले. पण युक्ती गावाला पसंत पडली. पंधरा दिवसांत घरोघरच्या चिंचोक्यांनी आमचा डबा भरला. एका सकाळी मी मोजले तर सत्तावीस! नाना त्या दिवशी डबा मांडीवर घेऊन बसून राहिले. नाव सोडेनात. 

माझा भाऊ दीपनगरला नोकरीला होता. त्याच्याकडून लाल ऑइल पेंटचा उरलेला डबा मागवला. वीस चिंचोके निवडून दोन्ही बाजूंनी रंगवले. वाळायला चार दिवस लागले. ते चार दिवस मी स्वतः काठावर उभी राहून माणसं मोजली. पाचव्या दिवशी आबांनी लाल चिंचोका हातात फिरवून फिरवून पाहिला आणि मला विचारलं, हा रंग कोणत्या दुकानात मिळतो?

*

एक छोटासाच. एकाच दिवशी माझ्याकडे तीन अर्ज आले. धुणं धुणाऱ्या बायांचं म्हणणं, म्हशींमुळे पाणी गढूळ होतं. म्हशीवाल्यांचं म्हणणं, जाळी म्हशींच्या पायात येतात. जाळीवाल्यांचं म्हणणं, साबणानं मासे पळतात. मी घरी बसून वेळापत्रक लिहिलं. सकाळी धुणं, दुपारी म्हशी, संध्याकाळी जाळी. घाटावरच्या वडाला ते खिळ्यानं ठोकलं. मला फार समाधान वाटलं.

नानांनी ते कोणाकडून तरी वाचून घेतलं आणि म्हणाले, बाकी बठ्ठं बेस शे, फक्त म्हशींना वाचून दाखवायचं राहिलं.

*

तालुक्याहून एक साहेब घाटाची तपासणी करायला आले. जीप अलीकडे, त्यांना जायचं पलीकडे. पहिल्या खेपेला नावेत वीस माणसं बसलेली. साहेबांनी बॅगेतून जुना परवाना काढला. त्यात या नावेला तीस उतारूंची परवानगी होती. परवाना खरा होता, शिक्काही होता. मी मॅट्रिक झालेली, शिक्क्याला भ्यायची सवय. मी नानांकडे पाहिलं, डोळ्यांनीच म्हटलं, घ्या एवढ्या एकाला.

नानांनी परवाना हातात घेतला. उलटा धरला होता. मग हळूच वाकून तो पाण्यावर ठेवला.  कागद तरंगत राहिला.

"कागद तरंगस, साहेब," नाना म्हणाले. "मानूस बुडस."

आणि ओला कागद उचलून, धोतरानं टिपून, त्यांनी तो दोन्ही हातांनी साहेबांना परत दिला. साहेबांनी तो बॅगेत ठेवला. वडाखाली दगडावर बसून राहिले, दुसऱ्या खेपेला आले, चढताना चिंचोका घेतला. महिन्याभरानं नवा परवाना आला. उतारू : वीस.

*

हा किस्सा भिशीत सांगत नाही, आज सांगते. आमची वस्ती गावाच्या खालच्या अंगाला. आम्ही बौद्ध झालो त्यालाही तेव्हा बरीच वर्षं उलटली होती. तरी सासूबाईंच्या पायांना जुनं वळण होतं. घाटावर त्या वडामागे उभ्या राहायच्या. वरच्या आळीची माणसं बसली की मग उरलेली जागा. त्यांना कोणी आता तसं सांगत नव्हतं. कोणी तसं नकोही म्हणालं नव्हतं.

घाट माझ्याकडे आल्यावर मी नियम केला, जो आधी येईल तो आधी चढेल. एका बाजारी मी सासूबाईंना दिवस उगवायच्या आत घाटावर नेलं. काठावर कोणीच नव्हतं. नानांनी डबा पुढे केला. वीसच्या वीस चिंचोके होते. सासूबाई बराच वेळ त्या चिंचोक्यांकडे बघत राहिल्या, मग त्यांनी एक उचलला आणि नावेच्या टोकाशी जाऊन बसल्या. पलीकडे उतरताना मात्र त्यांनी तो टाकलाच नाही. नानांनी पुढे केलेला डबा मागे घेतला. बाजारात सगळा वेळ त्यांची मूठ मिटलेलीच होती. भाजीसुद्धा डाव्या हातानं निवडली.

डब्यात एकोणीस राहिले. त्यानंतर दिवसभर प्रत्येक खेपेला नाव एकोणीस माणसं घेऊन सुटली. दुपारी मी पुढे अलीकडे परतले होते; त्या खेपेला आबा आले तेव्हा डबा रिकामा. नावेत एक जागा उघड दिसत होती. आबा म्हणाले, अरे ही काय रिकामी आहे! नाना म्हणाले, चिंचोका नाही. विसावा कुठे गेला, असं आबांनी विचारलं. नानांनी खरं काय ते सांगितलं.

मला वाटलं, आता आबा चिडतील. आबा काठावरच्या दगडावर बसले. नाव परत येईस्तोवर दोन तास बसले. जिथे बसले ती जागा वडामागची होती. त्या वेळी ऊन तिथे नसतं, एवढंच कारण असेल.

रात्रीच्या जेवणाला सासूबाईंनी मूठ उघडली. तळहाताला लाल रंग लागला होता. मला म्हणाल्या, "परत देनं पडस का?"

सकाळी त्यांनीच जाऊन तो परत टाकला.

*

नाना गेले ते पावसाळा संपता संपता. दुपारी जेवून नावेतच आडवे झाले, उठले नाहीत. त्यांनी पुतण्याला, रघूला, आधीच सांगून ठेवलं होतं, मला पलीकडे न्या, बाभळीपाशी. रघू चाळिशीचा, वल्हं त्याच्याकडे आलेलं होतंच.

अख्खा गाव घाटावर जमला. वरची आळी, खालची वस्ती, भोयांची घरं. पाणी अजून चढं होतं. सगळ्यांना पलीकडे जायचं होतं आणि नाव एकच. रघू माझ्याकडे बघायला लागला. आजच्या दिवस थोडे जादा घेऊ का, असं त्याला विचारायचं असावं. माझीही हिंमत होईना नाही म्हणायची.

तिरडी नावेत मधोमध ठेवली. मी काठावर डबा घेऊन उभी राहिले. बाया पलीकडे जाणार नव्हत्या. रांग कोणी लावायला सांगितली नाही, तरी ती लागली. एकेक जण आला, वाकून चिंचोका घेतला, गेला. डब्यात हात पडताना होणारा आवाज तेवढा ऐकू येत होता. एकोणीस झाले. विसावे आबा होते. त्या दिवशी ते वेळेवर आले होते.

आबांनी शेवटचा चिंचोका घेतला. एक पाय नावेत टाकला आणि थांबले. तिरडीकडे बघत राहिले. मग पाय मागे घेतला.

रघू म्हणाला, "आबा, बसा. वीस झाले."

"एकवीस व्हयनात," आबा म्हणाले. "आज नाना बी उतारू शे. त्याले बी मोज."

आमच्यापैकी कोणाच्याच ते ध्यानात आलं नव्हतं. माझ्याही नाही, आणि डबा माझ्या हातात होता. इतकी वर्षं नानांनी स्वतःला कधी मोजलं नव्हतं. ते नावेतलेच एक लाकूड, असं आम्ही धरून चाललो होतो.

आबा काठावरूनच वाकले, नानांच्या अंगावरचं कापड थोडं बाजूला केलं आणि तो लाल चिंचोका त्यांच्या तळहातावर ठेवून बोटं मिटवली. मग मागे आले, माझ्या शेजारी उभे राहिले. नाव सुटली. ती पलीकडे लागेपर्यंत आबांनी डोक्यावर टोपी घातली नाही.

संध्याकाळी माणसं परत आली. कोणी टोपीतून, कोणी खिशातून काढून चिंचोके डब्यात टाकले. एकोणीस.

दुसऱ्या दिवशी मी उजाडताच घाटावर गेले, तर आबा माझ्याआधी येऊन बसलेले. त्यांनी कोपरीच्या खिशात हात घातला आणि एक चिंचोका काढून डब्यात टाकला. घरचा, साधा, तपकिरी.

तो मी रंगवला नाही.