मामा परतल्याची पंगत

मुंडी भाजल्याचा वास आला की मला कुंभारीतलं मामाचं अंगण आठवतं. मामा लढाईवरून सुखरूप परतला म्हणून बोकड कापला होता. जाळावर मुंडीचे केस चरचरू लागले तसा मामा धावला, नुसत्या हातांनी ती ओढून छातीशी धरली आणि ओरडला, “पाणी आणा की, जित्ता हाय त्यो!” पाहुणे पोट धरून हसले. एकानं गंमत म्हणून मुंडी हिसकावून परत जाळात फेकली. मामानं तिच्यामागं दोन्ही हात जाळात घातले. त्याला सोलापूरला दवाखान्यात नेलं आणि मागं पंगत बसली. त्याची बोटं पुन्हा वळलीच नाहीत. अजून मामीच त्याला भरवते. परवा मी तिला विचारलं, “मामाला तेव्हा जाळात कोण दिसलं होतं?” ती म्हणाली, “कुणी इचारलंच न्हाय.”