गेनबा सुताराची दुमजली बाज

कसब्यातला गेनबा सुतार हाताने जितका नाजूक काम करणारा, तितकाच देहाने ऐसपैस. सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत पुण्यात रोज कुठे ना कुठे नवं घर उठत होतं आणि सुतारांना मान वर करायला फुरसत नव्हती. गेनबाच्या हाताखालून मात्र काम सावकाश बाहेर पडे, कारण त्याला एक खोड होती. आपण केलेली वस्तू स्वतः वापरून पाहिल्याशिवाय तो ती गिऱ्हाइकाच्या हवाली करत नसे. पाट केला की त्यावर मांडी घालून बसायचा, झोपाळा केला की झोके घ्यायचा. देव्हाऱ्यात बसता येत नाही, म्हणून आत डोकं तरी घालून बघायचा. एकदा बारशाच्या सकाळी तो पाळण्यात निजून बघायला गेला आणि तिथेच रुतून बसला. पाच सुवासिनी ओट्या घेऊन आल्या तेव्हा पाळण्यातून मिशा डोकावत होत्या.

बुधवारातल्या आनंदीबाईंनी त्याला बोलावलं ते एका विंचवापायी. त्यांचे यजमान श्रीनिवासपंत सरकारी दफ्तरात कारकून. घर लहान, आणि मुलांची निजायची खोली तर त्याहून लहान. अर्धी खोली धान्याच्या कणग्यांनी अडवलेली, उरलेल्या जमिनीवर शकू आणि शामू ही भावंडं एकाच अंथरुणावर एकमेकांना लाथा मारत झोपत. त्या अंथरुणात सकाळी विंचू निघाला.

"आजपासून माझी मुलं जमिनीवर निजणार नाहीत," आनंदीबाई म्हणाल्या. "दोन बाजा करून दे."

गेनबाने खोली पाहिली. मग मान तिरकी करून पुन्हा पाहिली. "बाई, इथं एक बाज बसंल. दुसरी ठेवली तर मग पोरांना खोलीभायेर निजावं लागंल."

"ते मलाही दिसतंय. त्यासाठी सुतार कशाला बोलवायचा?"

गेनबाला हे टोचलं. तो कणगीला टेकून विचार करत राहिला. जोंधळ्याच्या शेतात पाखरं राखायला चार खांबांवर माळा बांधतात, तो त्याच्या डोळ्यांपुढे आला. वर राखणदार बसतो आणि खाली त्याचं कुत्रं निजतं.

"बाई, एकीवर एक करू!" तो ओरडला. "दुमजली बाज! खाली एक पोर, वर एक पोर, मधी शिडी."

आनंदीबाईंना कल्पना पसंत पडली. पंतांनाही पडली, कारण आनंदीबाईंना पडली होती. पसंत पडली नाही ती फक्त दीनानाथकाकांना. हे पंतांचे चुलते. त्यांना कामधंदा नव्हता, पण शंका मात्र भरपूर होत्या. काम सुरू झालं आणि काका कणगीशेजारी पाट टाकून बसले.

"वर कोण निजणार?" काकांनी विचारलं.

"मी!" शकू म्हणाली.

"मी!" शामू म्हणाला.

"शामू वर निजला तर धाकट्याचे पाय थोरलीच्या डोक्यावर येणार. आणि शकू वर निजली तर मुलगी वर आणि मुलगा खाली. दोन्ही वाईट."

"मग काय करावं, काका?" गेनबाने काम थांबवून विचारलं. लोकांच्या शंका त्याला खऱ्या वाटत, हा त्याचा दुसरा दोष.

काकांनी बराच वेळ डोळे मिटून विचार केला. "दोन्ही वरच्याच कर."

गेनबाने हे मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी त्याचा रंधा चालेना. दोन्ही बाजा वरच्या कशा करायच्या, हे तो बोटांनी हवेत मांडून बघत बसला. शेवटी आनंदीबाईंनी आतून विचारलं, "गेनबा, खालची बाज नसेल तर वरची कशाच्या वर असेल रे?" तेव्हा कुठे तो शुद्धीवर आला.

काकांनी मग निराळी अट घातली. वरच्याचे पाय खालच्याच्या डोक्यावर यायचेच असतील तर निदान लांबून यावेत. "अंतर वाढव. पायांचा दोष खालपर्यंत पोचता कामा नये."

गेनबाने वरची बाज वीतभर उचलली. काका खालच्या बाजेवर बसले, त्यांनी शेंडीवर हात फिरवला आणि म्हणाले, "आणखी." पुन्हा वीतभर. "अजून थोडी." असं करत करत वरची बाज छताच्या तुळईच्या जवळ जाऊन ठेपली. मुलं सडपातळ, त्यांना काही अडचण नव्हती. शकू खारीसारखी चढली आणि तुळईखाली पालथी पडून हसत सुटली.

खांब सागाचे होते, शिडी बाभळीची. लोखंडाचा एक खिळा नाही, सगळं खुंट्यांवर. दोन्ही बाजा गेनबाने स्वतः सुंभाने विणल्या. वीण अशी घट्ट की बोटाने टिचकी मारली तर तंबोऱ्यासारखी वाजे. काम संपलं त्या दिवशी दुपारी त्याने हात झटकले आणि पागोटं काढून कणगीवर ठेवलं. पागोटं काढलं म्हणजे आता परीक्षा, हे सगळ्या पुण्याला ठाऊक होतं.

खालच्या बाजेवर तो निजला. कुरकुर नाही. मग तो शिडी चढू लागला.

"गेनबा, मुलं चढून बघतील ना," आनंदीबाई म्हणाल्या.

"पोरांचा काय भरवसा, बाई? त्यांना वजनच न्हाई."

वर पोचल्यावर त्याला पोट आणि तुळई यांचा हिशेब जुळेना. पण तो मागे फिरणारा गडी नव्हता. त्याने सगळा श्वास बाहेर सोडला, पोट आत ओढलं आणि अंग उताणं सरकवलं. डोकं गेलं, छाती गेली, पोट गेलं. सगळा गेनबा आत गेला. आणि मग त्याने श्वास घेतला.

काकांनी मान वर करून पाहिलं.

"झोप लागली की काय?" काकांनी विचारलं.

"न्हाई जी," वरून आवाज आला, जरा दबलेला. "बाज झ्याक झालीय. फक्त मला निघता येईना."

पोट तुळईला असं भिडलं होतं की मध्ये कागद सरकला नसता. बाजेबाहेर दिसत होती ती फक्त दोन पावलं.

"आत गेलास तसा श्वास सोड," काका म्हणाले.

"सोडतो हो. पण सोडला की पुन्हा घ्यावा लागतो."

"मग घेऊ नकोस."

शामूने उपाय काढला. त्याने शिडीवर चढून गेनबाच्या तळव्यांना गुदगुल्या केल्या. गेनबा हसू लागला, पोट तुळईवर धडधड आपटू लागलं आणि तुळईवरच्या माळ्याची धूळ सगळ्यांच्या डोक्यावर पडली. बाज मात्र तसूभरही हलली नाही. त्या अवस्थेतही गेनबाचा ऊर भरून आला. "बघा! कुठं वाजतीय का? बघा की!"

दिवस कलला तेव्हा श्रीनिवासपंत दफ्तरातून आले. त्यांनी वर पाहिलं, पावलं ओळखली आणि अंगरखा खुंटीला अडकवला. "हा किती दिवस राहणार आहे?"

"ताट वर पाठवू म्हणत होते," आनंदीबाई म्हणाल्या.

"जेवायला मुळीच देऊ नकोस. आहे त्याहून फुगला तर माळा उचलला जाईल." पंतांनी कोपऱ्यातली करवत घेतली. "एक खांब कापून टाकू."

वरून किंकाळी आली. "पंत! माझा पाय कापा, पण खांबाला हात लावू नका! तसला साग पुन्यांदा मिळायचा न्हाई!"

"मग काय तुळई कापू?" पंतांनी विचारलं.

"कापा की!"

"तुळई कापायला घर माझं आहे का तुझं?" पंत कडाडले आणि त्यांनी करवत खाली ठेवली. रात्रीची तोफ झाली की रस्त्यावर फिरायची बंदी. तोवर हा सुतार निघाला नाही तर मुलांच्या खोलीत राहायला येणार, हे सगळ्यांना दिसत होतं. कसब्यात निरोप धाडला गेला.

गेनबाची बायको सरुबाई आली ती कमरेला पदर खोचूनच. ती बारीक चणीची, कमी बोलणारी बाई. तिने दारातून पाहिलं, मग वाकून खालून पाहिलं. सुंभाची वीण नवऱ्याच्या पाठीखाली भोपळ्यासारखी खाली आली होती.

"अहो," ती म्हणाली.

"सरू, तू कशाला आलीस?" पावलं लाजून एकमेकांवर चढली.

"जेवायची वेळ झाली म्हणून. आनंदीबाई, विळा हाय का?"

"सरू, वीण कापू नगंस! लई जीव लावून विणलीय मी. सरू, ऐक—"

सरुबाईने शिडीवर उभं राहून विळ्याचं पातं पहिल्या सुंभावर टेकवलं. टण्ण! दुसऱ्यावर. टण्ण! प्रत्येक सुंभाबरोबर गेनबा वरून "अरारारा" करत होता, जणू त्याचीच शीर तुटत होती. मग उरलेल्या सुंभांनी एकदम हाय खाल्ली आणि गेनबा सुतार, धोतर, धूळ आणि सुंभाच्या लडींसकट, खालच्या बाजेवर आदळला. खालच्या बाजेने त्याला झेललं, हातभर वर उडवलं, पुन्हा झेललं. एक खुंटी निखळली नाही.

गेनबा बाजेवर बसून राहिला. आधी त्याने पोट चाचपलं, मग खांब चाचपला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दुखल्याचं होतं की आनंदाचं, ते त्यालाही कळलं नाही.

"आता मी!" शामू ओरडला.

"माझी पाळी आधी! मी थोरली!" शकू ओरडली.

काकांनी भोकातून वर पाहिलं. "उंची जरा जास्तच झाली. मी म्हणतच होतो."

तोफेच्या आत नवरा-बायको घरी निघाली. कात्रजहून नळाने येणाऱ्या पाण्याच्या हौदावर बायका घागरी भरत होत्या आणि बातमी गेनबाच्या आधी तिथे पोचली होती. "काय गेनबा, उतरलात का?" एकीने विचारलं. गेनबाने पागोटं डोळ्यांवर ओढलं. सरुबाई थांबली आणि म्हणाली, "उतरले. तुमच्या धन्याच्या अंगाखाली अशी बाज हाय का, एवढा भार पेलणारी?" बाई घागर भरायला वळली. गेनबाने पागोटं सरळ केलं आणि घरापर्यंत छाती काढून चालला.

दुसऱ्या दिवशी त्याने वरची बाज तीन विती खाली घेतली आणि नव्याने विणली. या वेळी काकांना आनंदीबाईंनी देवळात पाठवलं होतं. बाज वापरून पाहायला शकूला चढवलं. गेनबा खाली उभा राहून हात चोळत होता आणि दर घटकेला विचारत होता, "पोरी, टोचतंय का? डुगडुगतंय का?"

दसऱ्याला तो आपट्याची पानं द्यायला गेला तेव्हा कौतुकाने खोलीत डोकावला. वरच्या बाजेवर शकू आणि शामू दोघंही एकाच पांघरुणात, एकमेकांना लाथा मारत दुपारची झोप काढत होती. खालच्या बाजेवर दीनानाथकाका घोरत होते.

"बाई, दोन बाजा करून बी पोरं एकीवरच?" गेनबा हिरमुसून म्हणाला.

"हळू बोल," आनंदीबाई म्हणाल्या. "विंचवाचा बंदोबस्त मागितला होता, काकांचाही झाला. याहून अधिक काय हवं?"

गेनबाने ओसरीवर बसून त्यांनी दिलेला ताकाचा लोटा रिकामा केला, हत्यारांची पिशवी खांद्यावर टाकली आणि सणाचं सोनं वाटत शनवाराच्या वाटेला लागला.