हलक्या गोळीचे देवाजी

देवाजी काडतूस थेट बंदुकीत घालत नसत. आधी खिडकीच्या काचेच्या तुकड्यावर ठेवून बोटाने ढकलत. सरळ घरंगळलं तर उजवीकडे, टोक डगमगलं तर डावीकडे. "हे लंगडते," एवढंच म्हणत. उमरेडच्या विणकराचा मुलगा. धाग्यातली गाठ बोटाला कळावी तसं त्यांना हे कळे. नागपूरच्या आमच्या रायफल क्लबात त्यांच्याइतका जाणता दुसरा नव्हता. बहुधा म्हणूनच त्यांचं कोणी ऐकत नसे.

राज्य संघाच्या निवड चाचणीत सहाशे मीटरवर नेम धरायचा होता आणि क्लब सगळ्यांसाठी एकाच प्रकारची काडतुसं मागवणार होता. अध्यक्षांना हलकी गोळी हवी होती, कारण तिच्या डब्यावर वेगाचा आकडा मोठा छापला होता. अध्यक्ष मे महिन्यातही नेमबाजीचं जाड जाकीट घालून बसत. नेम धरताना मात्र त्यांना कोणी पाहिलं नव्हतं.

"साहेब, तुम्ही नळीच्या तोंडाशीच वेग पाहून राहिले," देवाजी सभेत म्हणाले. "हलकी गोळी पोट्ट्यावानी सुटते अन् अर्ध्यात दमते. मंग वारा नेईन तिकडं जाते. लांब, जड गोळी हळू निघते, पण टिकते."

"तुम्हाला तुमच्याच बंदुकीची सोय बघायची आहे, देवाजी!" अध्यक्ष म्हणाले.

हशा पिकला. देवाजी खाली बसले. ठराव झाला: हलकी.

मी चिडून त्यांच्या प्रताप नगरच्या घरी गेलो. त्यांनी एक लक्ष्याचा कागद पुढे केला. नमुन्याच्या जड गोळ्या त्यांनी त्यावर झाडून पाहिल्या होत्या. भोकं गोल नव्हती. आडवी, लांबट होती.

"माही बंदूक जुनी. नळीतले पेचावानी आटे हळू फिरतात. लांब गोळीले गिरकी कमी पडते, ते आडवी होते. मले हलकीच लागते गा. चाळीस वर्सं तिच्यावरच वारा शिकलो. मी तुमच्या नव्या बंदुकांसाठी भांडून राहिलो होतो."

"मग हे सभेत का नाही सांगितलं?"

"हसणाऱ्याले काय सांगा?"

जड गोळी आली असती तर साठी ओलांडलेल्या या माणसाची शेवटची संधी तिथेच संपली असती.

चाचणीच्या दिवशी आडवा वारा सुटला. माझ्यासकट सात जणांच्या गोळ्या त्याने नेल्या. देवाजी गवताकडे बघत, थांबत, एकेक झाडत गेले. क्लबातून निवड झाली ती त्यांची एकट्याची.

सत्कारात अध्यक्ष म्हणाले, "गोळीची निवड किती अचूक होती, हे देवाजींनी सिद्ध केलं!"

देवाजी शाल काखेत मारून उठले. "नाही साहेब. मले पचते म्हणून बाकी सातांले उपाशी काहून ठेवता?"

टाळ्या पडल्या. तो विनय समजण्यात आला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "जाऊ द्या काका. स्पर्धा जिंकून दाखवा."

"जिंकलो तर हाच हलक्या गोळीचा डबा अजून दहा वर्सं येईन. हरलो तर म्हणतीन, म्हातारा झाला. आता तूच सांग, काय करू?"

ते राज्य संघातून स्पर्धेला गेले, आणि मुद्दाम हरणं काही त्यांना जमलं नाही. त्यानंतर क्लबात त्यांनी पाऊल ठेवलं नाही. भिंतीवर त्यांचा फोटो तेवढा आहे: गळ्यात पदक, शेजारी अध्यक्ष, आणि अध्यक्षांच्या हातात तोच डबा.